पाच जणांपुरतं

फोंड्याला केंकऱ्यांच्या पेढीत, जिन्याखाली,
बारदानाच्या थप्प्या सरकवून मी सर्व्हर बसवला
तेव्हा बाबलशेटनी एवढंच विचारलं,
"म्हणजे वाळपईची ती पोर इथं येऊन बिलं करणार?"
नाही शेट, ती वाळपईलाच बसेल.
इथं असेल फक्त तिचं बसणं.
त्यांनी यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि चहा सांगितला.

शाखा सात. लायसन पाच.
"काजूचा दर बघितलास?" शेट म्हणाले,
"पाचांत भागव."

मग मी स्कूटर घेऊन डिचोली ते काणकोण
एकच गोष्ट सांगत फिरले:
कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारली
की खिडकी मिटते, तुम्ही उठत नाही.
जागा अडलेलीच राहते. लॉग ऑफ करा.
सगळ्यांनी माना डोलावल्या.

काणकोणचे मोलू वेळीप तीन आठवडे उठले नाहीत.
घरी गेले, जेवले, झोपले,
नेत्रावळीला भाच्याचं लग्न लावून आले,
आणि इकडे जिन्याखाली
त्यांची उधारीची वही उघडी टाकून
रात्रंदिवस बसलेलेच होते.

ल्युर्दिनानं सावर्ड्यात पावती छापली
ती निघाली डिचोलीच्या प्रिंटरमधून.
दीड क्विंटल बी घालून गिऱ्हाईक
सावर्ड्याच्या काउंटरवर हात पसरून उभं,
आणि डिचोलीचा पोरगा फोनवर ओरडतोय,
"हा कोण इनास कुलासो? याला मी पैसे देऊ?"
तो दोष माझा होता. दुपारभर बसून काढला.

एका संध्याकाळी वाळपईत वीज गेली.
सुकांती गावकरचं बिल अर्ध्यावर:
नाव, गाव, एकशे बेचाळीस किलो,
पुढं दराचा रकाना रिकामा
आणि त्यात उभी रेघ, लुकलुकत.
तिकडे ती अंधारात गल्ल्याला कुलूप शोधत असेल,
इकडे तिचा पडदा माझ्यासमोर, लख्ख.
सकाळचा दर मला पाठ होता.
तीन आकडे टाकले असते तर संपलं असतं.
हात कळफलकावरून उचलून मांडीवर ठेवला.
रेघ लुकलुकत राहिली.
मी तिच्यासमोर डबा खाल्ला.

पाचांत सात कसे मावले ते मी ठरवलं नाही.
ते ल्युर्दिना आणि सुकांतीनं फोनवर ठरवलं.
एक दहाला सावर्ड्याहून वाळपईला:
"उठलें गो हांव. बस आतां तूं."
दोनला उलट.
मध्ये कधी माशांचा बाजार, कधी गुडघा,
कधी सुकांतीच्या पोराचे गणितातले मार्क.
दोघींनी एकमेकींना पाहिलेलं नाही.
ल्युर्दिनाला वाटतं सुकांती उंच असावी.
नाही. पण मी बोलले नाही.

हंगाम बरा गेला. चतुर्थीच्या तोंडावर
शेटनी आणखी दोन लायसन घेतली,
मला पेढा दिला, स्वतः दोन खाल्ले.
आता कुणी कुणासाठी उठायला नको,
असं मी साती शाखांना कळवलं.
मोलू वेळीपांनी विचारलं,
"मग फुली मारली तर चालेल?"

महिनाअखेरीला नोंदी चाळत होते,
कोण किती वाजता आत, किती वाजता बाहेर.
सोमवार: सावर्डे बाहेर, एक दहा.
वाळपई आत, एक बारा.
मंगळवारी तेच.
बुधवारी वाळपई एक वीसला,
बहुधा गुडघा.
पुढं गुरुवार, शुक्रवार.

त्या वेळी दोन जागा रिकाम्या होत्या, रोज.
अहवालात असं लिहायचं असतं
की क्षमता वापराविना पडून आहे.
मी तो रकाना कोरा सोडला
आणि लॉग ऑफ केलं.